गटाच्या बैठकीने बाळं वाचतात, पण कधी?



या महिन्याच्या पाठाचा विषय आहे प्रतिबंध. आजार झाल्यावर धावाधाव करण्याऐवजी तो होऊच नये म्हणून आधी काय करायचं, त्याला प्रतिबंध म्हणतात. समाजकार्याच्या अभ्यासक्रमात या शब्दाची व्याख्याच आम्हाला तीन पानं शिकवली होती. तुम्ही मात्र पाऊस पडायच्या आधी कौलं शाकारता, बी-बियाणं राखेत ठेवता, ते हेच.

तर या प्रतिबंधाचं एक शास्त्र आहे. कुठेतरी काही गावांत एक उपाय करून पाहतात, शेजारच्या गावांत तो करत नाहीत, आणि काही वर्षांनी दोन्हीकडचे आकडे समोरासमोर ठेवतात. फरक दिसला तर ते छापून येतं. मग सरकार धोरण ठरवतं, आणि शेवटी ते आपल्या गावात येतं. येतं तेव्हा बहुतेक वेळा एक शासन निर्णय, एक रजिस्टर आणि दोन दिवसांचं प्रशिक्षण असं त्याचं रूप असतं. या वाटेत कधी कधी मूळ गोष्टच गळून पडते. तिचं एक उदाहरण आज सांगते, कारण त्यात औषध म्हणून वापरलेली गोष्ट गोळी नव्हती की सुई नव्हती. ती होती बायकांच्या गटाची महिन्याची बैठक.

नेपाळ ते झारखंड

ही कल्पना आधी दक्षिण अमेरिकेतल्या बोलिव्हिया देशात, डोंगराळ इन्क्विसिवी भागात वापरली गेली. तिथल्या प्रकल्पाचं नाव ‘वार्मी’, म्हणजे तिथल्या भाषेत ‘बाई’. पुढे नेपाळच्या मकवानपूर जिल्ह्यात तिचा नीट अभ्यास झाला. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी गावांची विभागणी केली. अर्ध्या भागांत बायकांचे गट महिन्यातून एकदा बसायचे आणि गरोदरपण, बाळंतपण, नवं बाळ यांतल्या अडचणींवर बोलायचे. २००४ साली निकाल आला. गट असलेल्या भागांत जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी २६ बाळं पहिल्या महिन्यात दगावली होती, गट नसलेल्या भागांत ३७.

मग हेच काम झारखंड आणि ओडिशात, आदिवासी भागात झालं. पश्चिम सिंहभूम, सराईकेला खरसावां आणि केंदुझर हे ते तीन जिल्हे. डॉ. निर्मला नायर आणि डॉ. प्रशांत त्रिपाठी यांच्या ‘एकजुट’ या संस्थेने ते केलं. एकूण २४४ गट होते. त्यातले १७२ आधीपासूनच चालू असलेले गट होते, म्हणजे संशोधकांनी सगळं नव्याने उभं केलं नाही. बायका जिथे आधीच बसत होत्या तिथे ते जाऊन बसले.

आता आकडे जरा सावकाश वाचा. वाचून दाखवत असाल तर दोनदा वाचा. पहिल्या वर्षी गट असलेल्या भागात हजारामागे जवळपास ५६ बाळं गेली, गट नसलेल्या भागात ५३. म्हणजे पहिल्या वर्षी काहीच फायदा दिसला नाही, उलट आकडा थोडा जास्तच. दुसऱ्या वर्षी गटाच्या भागात ३७, दुसरीकडे ६०. तिसऱ्या वर्षी गटाच्या भागात ३६, दुसरीकडे ६४.

पहिल्या वर्षाच्या शेवटी कुणी साहेब तपासायला आला असता तर काय म्हणाला असता? ‘निष्पन्न शून्य, बंद करा.’ आपल्याकडे तर प्रकल्पच अकरा महिन्यांचे असतात, हे मी माझ्या नोकरीचा करार बघून सांगू शकते.

पहिल्या वर्षी का काही झालं नाही, त्याचा एक धागा दुसऱ्या आकड्यात सापडतो. पहिल्या वर्षी त्या भागातल्या नव्याने गरोदर राहिलेल्या बायकांपैकी शंभरातल्या १८ जणी बैठकीला येत होत्या. तिसऱ्या वर्षापर्यंत ५५ येऊ लागल्या. आणखी एक गोष्ट घडली, जिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. तिसऱ्या वर्षी गटाच्या भागातल्या बाळंतिणींमध्ये मन खचण्याचं, नैराश्याचं प्रमाण निम्म्याहून जास्त घटलेलं होतं. बैठकीत कुणी समुपदेशक नव्हता. आपलं बोलणं ऐकणाऱ्या चार बायका मात्र होत्या.

तिथे नेमकं काय चालायचं

भाषण नाही, हे आधी लक्षात घ्या. ‘गरोदर मातेने हिरव्या पालेभाज्या खाव्यात’ असं फलकावरचं वाचून दाखवायचं आणि सह्या घ्यायच्या, तसलं काही नाही. वीस बैठकांचं एक चक्र होतं. आधी चित्रं, गोष्टी, खेळ यांतून बायकांनीच ठरवायचं की आपल्या गावात कोणती अडचण सगळ्यांत मोठी. मग तिच्यावर आपण काय करू शकतो ते ठरवायचं. मग ते सगळ्या गावासमोर मांडून करायचं. शेवटी, झालं का, कुठे अडलं, ते बघायचं. बैठक सगळ्यांना खुली होती. सभासद असो नसो, सासू असो, नवरा असो, येऊन बसा.

यातला एक भाग आपण आपल्या बैठकीत सहज करू शकतो. त्यात ‘पण का?’ असं विचारत जायचं असतं. एक मनाने रचलेली गोष्ट घेऊ. एका गावात बारा दिवसांचं बाळ गेलं.

पण का? अंग गार पडलं, दूध ओढेना, श्वास लागला.
पण दवाखान्यात का नेलं नाही? रात्र होती, सकाळी बघू म्हणाले.
पण सकाळी का? घरात पैसे नव्हते आणि १०८ ला फोन करायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही.
पण आशाताईला का कळलं नाही? ती मुलगी माहेरी आलेली, इथल्या आशाताईच्या यादीत तिचं नावच नव्हतं.
पण बाळ इतकं अशक्त का होतं? जन्मतः वजन दोन किलो. आईच्या अंगात रक्त कमी होतं आणि ती स्वतःच सतरा-अठराची होती.

बघा, एका मरणाला किती दारं आहेत. प्रत्येक ‘का’ हे एक दार आहे, आणि प्रतिबंध म्हणजे त्यातलं एखादं दार वेळेत बंद करणं. सतरा वर्षांच्या मुलीचं लग्न थांबवणं हे एक दार. लोहाच्या गोळ्या पोटात जातात की डब्यात राहतात, हे दुसरं. रात्री गाडी बोलावणं हे तिसरं. सगळी दारं एकदम बंद करायला जाऊ नका. झारखंडच्या बायकांनीही आपल्या गावाला जे पेलेल तेवढंच धरलं.

बांगलादेशात फसलं, ते फार कामाचं

आता ही पद्धत सगळीकडे चालली का? नाही. बांगलादेशात बोगरा, फरीदपूर आणि मौलवीबाजार या तीन जिल्ह्यांत हेच गट, हीच पद्धत वापरली, आणि २०१० साली निकाल आला की बाळांच्या मृत्यूत काही खास फरक पडला नाही. झारखंडचा अहवालही त्याच वर्षी आला होता. एकीकडे यश आणि एकीकडे काहीच नाही, मग खरं काय?

संशोधकांनी हिशोब मांडला. झारखंड-ओडिशात साधारण ४६८ लोकवस्तीमागे एक गट होता. बांगलादेशात १४१४ लोकवस्तीमागे एक. एवढ्या मोठ्या वस्तीत एकच गट असेल तर गरोदर बाई तिथे पोचणारच किती? मग त्याच तीन जिल्ह्यांत गट वाढवले, ३०९ लोकांमागे एक केला. २०१३ साली निकाल आला तेव्हा बाळांचे मृत्यू ३८ टक्क्यांनी कमी झालेले होते. तोच देश, तेच जिल्हे, तीच पद्धत.

त्याच वर्षी नेपाळ, भारत, बांगलादेश आणि आफ्रिकेतला मलावी असे चार देशांतले सात अभ्यास एकत्र तपासले गेले. जिथे निदान शंभरातल्या तीस गरोदर बायका गटात येत होत्या, तिथे बाळांचे पहिल्या महिन्यातले मृत्यू एक तृतीयांशाने कमी झाले होते. आणि आईचे मृत्यू जवळजवळ निम्म्याने.

तीस टक्के हा आकडा पाठ करा. या पाठातलं दुसरं काही विसरलात तरी चालेल.

२०१४ साली जागतिक आरोग्य संघटनेने अशा महिला गटांची शिफारस केली. त्यानंतर आपल्या देशाच्या राष्ट्रीय आरोग्य अभियानाने ही पद्धत आशाताईंमार्फत राबवायची म्हणून घेतली. झारखंड-ओडिशात आशाताईंनीच बैठका घेऊन एक वेगळा अभ्यासही झाला. २०१६ च्या त्या निकालात बाळांचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी होते. म्हणजे बाहेरची संस्था लागतेच असं नाही.

आपल्या गडचिरोलीची गोष्ट

हे सगळं लांबचं वाटत असेल तर घरचं उदाहरण घ्या. आशाताई बाळंतिणीच्या घरी येते, बाळाचं वजन करते, काखेत थर्मामीटर लावते, ती का येते? त्यामागे गडचिरोलीतल्या ३९ गावांचं काम आहे. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९३ मध्ये तिथे नोंदी सुरू केल्या. पुढे प्रत्येक गावातली एक बाई आरोग्यदूत म्हणून तयार केली. बाळाचा श्वास मोजणं, त्याला ऊब देणं, दूध पाजायला मदत करणं, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन देणं, हे ती घरी जाऊन करायची. तिथे आधी हजारातली ६२ बाळं महिन्याच्या आत जात होती. तिसऱ्या वर्षी हा आकडा पंचविसाच्या आसपास आला. हा अहवाल १९९९ साली छापून आला.

आशाताईंच्या घरभेटीचं देशभरचं धोरण आलं २०११ मध्ये. मधे बारा वर्षं. त्यावर मी जास्त बोलत नाही, तुम्हीच बोटं मोडून बघा, त्या बारा वर्षांत तुमच्या गावात किती पाळणे हलले.

धोरण आता आहे. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आशाताईच्या सहा भेटी ठरलेल्या आहेत : ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी. घरी बाळंतपण झालं असेल तर पहिल्या दिवशी आणखी एक. हे दिवस तुमच्या घरातल्या कॅलेंडरवर गोल करून ठेवा. सून किंवा लेक घरी आली की आशाताईची वाट न बघता तुम्हीच तिला निरोप द्या.

मग आपल्या गटाचं काय?

इथे मी माझं मत सांगते, पटलं नाही तर बैठकीत खोडून काढा.

बांगलादेशात अडचण होती गट कमी असण्याची. आपल्याकडे ती अडचण नाही. आपल्या भागात एकेका गावात आठ-दहा गट आहेत, वर ग्रामसंघ आहे, प्रभागसंघ आहे. आपली अडचण वेगळी आहे. गटात बसते सासू. गरोदर असते सून. सून सभासद नसते, कारण घरातून एकच सभासद. आणि बैठकीच्या वेळी ती घरी स्वयंपाक करत असते, म्हणून तर सासूला बैठकीला येता येतं! कागदावर गावात दहा गट, आणि दहाही गटांत मिळून एकही गरोदर बाई नाही, असं मी बऱ्याच गावांत बघते. दशसूत्रीत आरोग्याचं सूत्र आहे, ते आपण दर बैठकीत म्हणतो, इतिवृत्तात ‘आरोग्यावर चर्चा झाली’ अशी ओळही लिहितो. पण ज्या बाईसाठी ती चर्चा, तीच तिथे नसेल तर झारखंडचा निकाल आपल्याकडे येणार कुठून?

दुसरी अडचण माहेरची. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. सातव्या महिन्यात ओटी भरली की पोर माहेरी जाते. सासरच्या आशाताईच्या वहीत नाव असतं पण बाई नसते, माहेरच्या आशाताईकडे बाई असते पण नाव नसतं. नेमकं ज्या महिन्यात भेटी सगळ्यांत गरजेच्या, त्याच महिन्यात ती दोन्ही वह्यांच्या मधे पडते. ही फट कुठल्याही परदेशी अभ्यासात सापडणार नाही, ती आपल्यालाच बुजवायची आहे. आणि ती बुजवायला प्रभागसंघासारखी जागा नाही. तिथे पंधरा-वीस गावांच्या बायका एका सतरंजीवर बसतात. ‘आमच्या गावची पोर तुमच्या गावात आली आहे, आशाताईला सांगा,’ एवढा निरोप तिथून एका फोनवर जातो.

कुणी म्हणेल, ते अभ्यास झाले तेव्हा तिथे घरीच बाळंतपणं व्हायची, आपल्याकडे आता सगळ्या दवाखान्यात जातात. बरोबर आहे. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रात शंभरपैकी जवळजवळ ९५ बाळंतपणं दवाखान्यात झालेली दिसतात. त्यामुळे नाळ कापायचं ब्लेड आणि दोरा यांवर झारखंडच्या बायकांना जेवढं बोलावं लागलं तेवढं आपल्याला लागणार नाही. पण त्याच पाहणीत आपल्या राज्यातल्या शंभर बायकांपैकी ५४ जणींच्या अंगात रक्त कमी आहे. आणि दवाखान्यातून दोन-तीन दिवसांत घरी आल्यावर बाळ असतं आपल्याच ताब्यात. पाचवीच्या दिवशी चार घरच्या बायका त्याला उचलून घेतात. कुणी मध चाटवतं, कुणी घुटी उगाळतं, बेंबीला काहीतरी लावतं. शेकायला धुरी केली की सगळी खोली धुराने भरते. या सगळ्यावर सुनेला बोलता येत नाही. सासूला येतं. म्हणून गटात सासू आहे हे वाईट नाही, ती एकटी आहे हे वाईट आहे. सासू आणि सून एका बैठकीत समोरासमोर बसल्या तर झारखंडपेक्षाही चांगलं काम होईल असं मला वाटतं.

यासाठी गटाचे नियम बदलायची गरज नाही. सून सभासद नसली तरी ती पाहुणी म्हणून येऊ शकते. महिन्यातली एक बैठक तिच्या अंगणात घ्या, म्हणजे तिला घर सोडून यावं लागणार नाही. वेळ दुपारची ठेवा. पहिल्या बैठकीत ‘पण का?’ विचारा, आपल्या गावात गेल्या दोन-तीन वर्षांत काय घडलं त्यावरून विचारा. कुणाचं नाव घेऊन दोष देऊ नका, गेलेलं बाळ प्रत्येकीचं असतं. गावात निघालेली अडचण रस्त्याची असेल तर ग्रामसभेच्या आधीच्या महिला सभेत ठराव घ्या. पैशाची असेल तर ग्रामसंघाच्या जोखीम प्रवणता निधीतून बाळंतपणासाठी तातडीची रक्कम किती आणि कुणाच्या सहीने, ते आधी ठरवून ठेवा. रात्री दोन वाजता सह्या मिळत नाहीत. गावच्या आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीत कोण कोण आहे ते विचारा. बऱ्याचदा त्यात गटातलीच एखादी ताई सदस्य असते आणि तिलाच ते माहीत नसतं.

आणि सासू-सून दोघींना एवढं तोंडपाठ हवं. बाळ दूध ओढत नाही, सुस्त पडलं आहे, हातपाय गार आहेत किंवा अंग तापलं आहे, शांत असताना मिनिटात साठ किंवा जास्त वेळा श्वास घेतं, छाती आत ओढली जाते, झटके येतात, तळहात-तळपाय पिवळे दिसतात, बेंबीतून पू येतो. यातलं एकही दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही. १०८ ला फोन करायचा, आणि गाडी येईपर्यंत बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून वरून पांघरूण घालायचं.

पुढच्या बैठकीसाठी एक काम आहे. आशाताईला बोलवा आणि आज गावात गरोदर किती आणि दोन महिन्यांच्या आतली बाळं किती, हे इतिवृत्तात लिहा. दीड हजार वस्तीच्या गावात वर्षाला साधारण वीस-पंचवीस बाळंतपणं होतात, त्यावरून यादीत कुणी राहिलं का ते ताडून बघा. माहेरी आलेल्या आणि माहेरी गेलेल्या वेगळ्या लिहा, सोबत गावाचं नाव. मग त्याखाली दर महिन्याला एक ओळ : गावातल्या गरोदर इतक्या, त्यातल्या बैठकीला आल्या इतक्या. वही प्रभागसंघाच्या बैठकीला घेऊन या. सुरुवातीला दहातली एकच आली असेल तर तोच आकडा लिहा, वाढवून लिहू नका.